बसवण्याआधी पार्टवरचा हलका गंज: कुठे घासायचा, कुठे सोडायचा, कुठे पार्टच टाकायचा

कोऱ्या ब्रेक डिस्कचा खोका उघडला आणि कडेला तांबूस डाग दिसले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार पार्ट परत करण्याचा येतो. उलट कपाटात पडून किंचित तपकिरी झालेलं बेअरिंग ‘फिरतंय ना’ म्हणत बिनदिक्कत बसवलं जातं. दोन्ही निर्णय चुकीचे. डिस्कच्या बाहेरच्या कडेवरचा गंज गाडीचं काहीच बिघडवत नाही, तर बेअरिंगच्या रेसवरचा, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावरचा, टाचणीच्या टोकाएवढा डाग घरघर सुरू करून देतो. म्हणून गंज किती आहे हे नंतर पाहायचं. तो कोणत्या पृष्ठभागावर आहे आणि त्या पृष्ठभागाचं काम काय, हे आधी.

गंज हलका आहे हे कसं ठरवायचं

मशीनिंग केलेल्या लोखंडावर रंग नसतो, प्लेटिंग नसतं. कारखान्यातून निघताना लावलेला तेलाचा पातळ थर हेच त्याचं संरक्षण. तो पुसला गेला किंवा वाळला की दमट हवेत तासाभरातही तांबूस छटा येऊ शकते. उघड्या हाताने धरलेल्या पार्टवर बोटांच्या आकाराचेच डाग उमटतात, कारण घामात मीठ असतं. गार जागेतून आणलेला पार्ट उबदार, दमट खोलीत लगेच उघडला तर त्यावर दव धरतं. पार्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी बंद ठेवावी.

ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज तसं करत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि ज्या लोखंडापासून बनला त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. दोन तोंडांमध्ये सापडलेला ‘नुसता रंग’ सुद्धा जाडी धरून असतो, हे पुढे डिस्कच्या बाबतीत लक्षात येईल.

परीक्षा सोपी आहे. डागावर इंजिन ऑइलचे दोन थेंब टाका, मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने (घासायच्या खरखरीत पॅडने) अर्धा-एक मिनिट घासा, कापडाने पुसा. खाली धातू दिसला, फार तर राखाडी सावली उरली, तर गंज हलका. आता त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे आणि तो गंज काढला तरी राहणार. नख साफ फिरूनही काळे ठिपके दिसत असतील तर भिंगातून पाहा, बारीक खड्डे बहुतेक असेच दिसतात. हलक्या हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे सुटत असतील तर तो हलका गंज नव्हे आणि खालची कृती त्याच्यासाठी नाही.

ही तेलाची परीक्षा ब्रेक किंवा क्लचच्या घर्षणाच्या तोंडावर मात्र करू नका. तिथे कोरडंच घासायचं.

कोणता पृष्ठभाग काय सहन करतो

सस्पेन्शन आर्मचं अंग, नकलची (चाकाचा हब धरणाऱ्या भागाची) बाहेरची बाजू, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, डिस्कच्या आतल्या हवेच्या पाकळ्या हे मोकळे पृष्ठभाग. इथला गंज दिसायला वाईट, एवढंच. रंग लावायचा तर काढा, नाहीतर सोडून द्या.

हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) आणि डिस्कची तोंडं, रिमची आतली बाजू, फ्लँज, बेअरिंग बसतं ते बोअर, म्हणजे गोल भोक, या बैठका. इथे गंजाचा कणही राहता कामा नये, पण काढताना धातूही जाता कामा नये. डिस्क, ड्रम, फ्लायव्हील यांची घर्षणाची तोंडं हलका गंज स्वतःच घासून टाकतात, त्यांना धोका तेलाचा आणि रसायनांचा. ऑइल सील ज्यावर फिरतं त्या पट्ट्यावर गंजापेक्षा चुकीच्या दिशेने मारलेला ओरखडा जास्त त्रास देतो.

उरले असे पार्ट जिथे घासाघीस करायचीच नसते: बेअरिंगच्या रेस आणि गोळ्या, शॉक ॲब्सॉर्बरचा रॉड, स्टीअरिंग रॅकचा रॉड, ब्रेक सिलिंडरचं आतलं बोअर, कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन. रॉड आणि पिस्टनवर बहुधा हार्ड क्रोमचा थर असतो. त्यातून गंजाचा ठिपका वर आला याचा अर्थ थर तिथे फुटलाय. पॉलिश केल्यावर तपकिरी रंग जातो, छिद्र राहतं आणि ते प्रत्येक फेरीला सीलचा ओठ खरवडतं. असा पार्ट बदलायचा, त्यावर वेळ घालवायचा नाही.

हाताशी काय ठेवायचं

मरून आणि राखाडी स्कॉच-ब्राइट, पितळी तारांचा ब्रश, स्टीलच्या तारांचा छोटा ब्रश, १२०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, धागे न सोडणारं पांढरं कापड, पातळ तेल, नायट्राइल हातमोजे, बंद चष्मा, धुळीचा मास्क. मरून पॅड राखाडीपेक्षा खरखरीत असतो. बैठकीसाठी मरून, बारीक पृष्ठभागासाठी राखाडी. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्याने पितळी ब्रश गंज काढतो पण मशीनिंगच्या खुणा जागच्या जागी ठेवतो, म्हणून आटे आणि स्प्लाइनसाठी (शाफ्टवरच्या लांबट दातांसाठी) तोच.

ड्रिलवर लावलेल्या वायर व्हीलच्या तारा सुटून उडतात, त्यामुळे चष्म्याशिवाय ते चालवायचं नाही. सुती हातमोजे घालून तर अजिबात नाही, तारेत धागा अडकला की हात ओढला जातो. जुन्या ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. ती ओली करून पुसा, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर क्लोरीनयुक्त असेल तर त्याने पुसलेल्या पार्टला पूर्ण वाळण्याआधी वेल्डिंग किंवा ज्योत दाखवायची नाही. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

डिस्क आणि हब

हलक्या गंजामुळे सर्वात जास्त बिघाड इथेच होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या डिस्कवर जातो. हिशोब असा. हबच्या तोंडाचा व्यास १४० मिमी आणि डिस्कचा २८० मिमी धरा. हबच्या एका कडेला ०.०५ मिमी जाडीची गंजाची खपली राहिली तर डिस्क तेवढी तिरकी बसते आणि तिच्या बाहेरच्या कडेला रनआउट, म्हणजे फिरताना होणारा डोल, साधारण ०.१० मिमी होतो. बऱ्याच गाड्यांत बसवलेल्या डिस्कची मर्यादा ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. म्हणजे कागदाहूनही पातळ खपलीने मर्यादा संपली.

डोल असलेली डिस्क पहिल्या दिवशी काहीच जाणवू देत नाही. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेरीला तिचा पुढे आलेला भाग पॅडला चाटून जातो आणि तेवढ्याच जागी झिजतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी जागोजागी वेगळी होते, ब्रेक दाबला की पेडल आणि स्टीअरिंग थरथरतं, आणि ‘डिस्क वाकडी निघाली’ असं निदान होतं. खरं कारण त्या दिवशी न घासलेला हब.

कामाचा क्रम:

१. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या. जुनी डिस्क काढल्यावर हबचं तोंड स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या आटेदार दांड्यांच्या) मधल्या जागांसह वायर ब्रशने घासा. स्टडभोवती बसणारी गोल हब-क्लीनिंग चकती ड्रिलवर लावता आली तर उत्तम, ती स्टडच्या बुडाशी साचलेला गंज काढते जिथे ब्रश पोचत नाही. ग्राइंडरची चकती वापरायची नाही. ती एका जागी खोल जाते आणि नवीन डोल तयार करते.

२. हबचं सपाट तोंड आणि मधला उंच गळा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गंजाची कडक वळकटी धरते. डिस्क याच वळकटीवर टेकून अधांतरी राहते. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या किंवा स्क्रेपरच्या टोकाने हा कोपरा पूर्ण फिरून खरवडा.

३. ही धूळ लोखंडाची आहे आणि अनेक हब-बेअरिंगमध्ये एबीएससाठी (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय रिंग असते. सेन्सरची जागा कापडाने झाका, धूळ व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या कापडाने पुसा. रिंगला चिकटलेला कीस एबीएसचा दिवा पेटवू शकतो.

४. नवीन डिस्कच्या दोन्ही बाजू, टोपीची (हबवर बसणाऱ्या मधल्या उंच भागाची) आतली बाजू धरून, ब्रेक क्लीनरने पुसा. पांढऱ्या कापडावर डाग यायचा थांबला की झालं. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबणही चालतो, किंबहुना बारीक कीस साबणाने जास्त चांगला निघतो. पण लगेच आणि पूर्ण वाळवायला हवं, नाहीतर बिडाची डिस्क डोळ्यांदेखत तांबूस होते.

५. घर्षणाच्या तोंडावरचा फिकट गंज तसाच राहिला तरी पॅड पहिल्या काही ब्रेकमध्ये तो काढतात. डोळ्याला खटकत असेल तर १२० नंबरचा पेपर छोट्या गोल-गोल हालचालींनी फिरवा आणि पुन्हा क्लीनरने पुसा. इथे गंज काढायचं रसायन, गंज-कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर करणारं द्रव) किंवा तेलाचा स्प्रे नको. बीड सच्छिद्र आहे, आत शिरलेलं तेल गरम झाल्यावर बाहेर येतं.

६. डिस्कवर सर्वत्र राखाडी कोटिंग असेल तर ते गंजरोधक असतं. खरवडू नका. पॅडच्या वाटेवरचं कोटिंग वापराने निघून जातं, बाकीचं पुढची काही वर्षं उपयोगी पडतं.

७. डिस्क चढवून सगळे नट सपाट वॉशर घालून आलटून-पालटून टॉर्क रेंचने आवळा. डायल गेज (बारीक डोल मोजणारं घड्याळी माप) कडेपासून सुमारे १० मिमी आत लावून डिस्क सावकाश एक फेरी फिरवा. आकडा जास्त आला तर हबवर आणि डिस्कवर खूण करा, डिस्क एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. हबच्या खुणेपाशीच राहिली तर हबवर अजून काहीतरी अडकलंय, किंवा हब स्वतः वाकलाय.

डायल गेज नसेल तर निदान तोंडांवरून बोट आणि स्टीलची पट्टी फिरवून पाहा. मोजण्याची बरोबरी त्याने होत नाही, पण ढोबळ चूक पकडली जाते.

डिस्क पुढच्या वेळी सहज निघावी म्हणून हबच्या मधल्या गळ्यावर अँटी-सीझचं (पार्ट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाचं) बोट फिरवावं, दिसेल न दिसेल इतकं पातळ. सपाट तोंडावर त्याचा थर देऊ नये. स्टडच्या आट्यांवर तर उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीच लावू नये. टॉर्कचे आकडे बहुधा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क लावला की घर्षण कमी झाल्याने स्टडवर बराच जास्त ताण येतो, आणि रेंचच्या आवाजावरून ते कळत नाही.

रिमची आतली बाजूही अशीच घासा. गंजाचा थर चाक फिरताना चुरडला जातो, जाडी कमी होते आणि नट मूळ टॉर्कवर राहत नाहीत. म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. पहिले काही ब्रेक मोकळ्या जागी, कमी वेगात, मध्यम दाबाने मारा. गंज आणि उरलेला थर निघेपर्यंत पकड कमी असते. ड्रमलाही पुसण्याचे आणि बैठकीचे हेच नियम, डायल गेजचा भाग वगळून.

कॅलिपर ब्रॅकेट जुनंच वापरणार असाल तर पॅडच्या स्टील क्लिपा काढून खाली नक्की पाहा. तिथला गंज फुगतो, क्लिप वर उचलतो आणि पॅड जागीच अडकतो. कानशीने फक्त गंज काढा, मूळ धातू लागला की थांबा. नवीन क्लिप बसवल्यावर पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. गाइड पिनवर नुसता डाग असेल तर राखाडी पॅडने पुसून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, खड्डे असतील तर पिन बदला. साधं पेट्रोलियम ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं.

शाफ्ट, सील आणि स्प्लाइन

सीलच्या पट्ट्यावरचा हलका गंज काढताना दिशा सांभाळायची. ६०० नंबरच्या पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, तेलात भिजवा, शाफ्टभोवती अर्धा वेढा घालून मोची बूट चमकवतो तशी दोन्ही टोकांनी मागे-पुढे ओढा. थोड्या थोड्या वेळाने शाफ्ट पाव फेरी वळवा. शेवट १००० नंबरने. घासताना पट्टी शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकवू नका, त्याने तिरक्या, आट्यासारख्या रेषा पडतात आणि शाफ्ट फिरला की याच रेषा तेल सीलखालून बाहेर ढकलतात. नवं सील टाकूनही गळती थांबत नाही, त्यामागे कित्येकदा हेच असतं. लांबीच्या दिशेने मारलेला ओरखडा तर सरळ तेलाची वाटच. नख अडकेल एवढी खाच असेल तर पॉलिशचा नाद सोडून सुमारे पाव मिलिमीटर जाडीची दुरुस्तीची स्टील स्लीव्ह (पातळ नळी) चढवावी. सुरुवात करण्यापूर्वी शेजारची बेअरिंगची जागा आणि स्प्लाइन चिकटपट्टीने झाकलेली असावी.

स्प्लाइन पितळी ब्रशने, लांबीच्या दिशेने. क्लचची प्लेट इनपुट शाफ्टवर आपल्या वजनाने सरकते का हे कोरडंच तपासा, मग उत्पादक सांगत असेल तर ग्रीसचा पुसट हात. सरकवून बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. राहिलं तर फिरताना ते उडून लायनिंगवर बसतं आणि क्लच घसरतो किंवा धक्के देतो. फ्लायव्हीलच्या तोंडाला डिस्कचाच नियम: कोरडा पेपर, गोल हालचाल, क्लीनर.

नकलच्या ज्या बोअरमध्ये बेअरिंग दाबून बसतं तिथे प्रलोभन मोठं असतं. ड्रिलवर पेपरचं चाक लावलं की दोन मिनिटांत चकाचक. पण ते बेअरिंग काही शतांश मिलिमीटरच्या घट्टपणावर टिकलेलं असतं. तेवढा धातू गेला की बाहेरची रेस बोअरमध्ये हळूहळू फिरू लागते. इथे तेल आणि मरून पॅड, तपकिरी रंग जाईपर्यंतच. सर्क्लिपची (बेअरिंग जागी अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच टोकदार काडीने पूर्ण साफ करा, खाचेत गंज राहिला तर सर्क्लिप अर्धवट बसते आणि हे वरून दिसत नाही.

इंजिन उघडं असताना सिलिंडरमध्ये आलेला ताजा गंज तेल आणि राखाडी पॅडने, होनिंगच्या (सिलिंडर आतून बारीक घासल्याच्या) तिरक्या रेषांच्या दिशेने काढावा. मग गरम साबणाच्या पाण्याने धुवावं, तेलात भिजवलेलं पांढरं कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत पुसावं आणि लगेच तेल लावावं. पिस्टनच्या रिंग घासतात त्या भागात खड्डा असेल तर काम होनिंग किंवा बोअरिंगवाल्याचं. पूर्ण जोडलेल्या इंजिनवर गॅस्केटची तोंडं साफ करायला ॲब्रेसिव्ह चकत्या फिरवू नका. त्यांतली ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी तेलात मिसळून मुख्य बेअरिंगं खाते.

रसायन कधी आणि कोणतं

ब्रश पोचत नाही अशा कोनाकोपऱ्याच्या, साध्या स्टीलच्या, रबर नसलेल्या पार्टसाठी रसायन. आधी तेल आणि ग्रीस पूर्ण काढा, तेलाखाली ॲसिड पोचत नाही आणि पार्ट ठिपक्याठिपक्याने साफ होतो.

हलक्या गंजाला सायट्रिक ॲसिड पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. दर अर्ध्या तासाने पार्ट बाहेर काढून नायलॉन ब्रशने घासून पाहा. बहुतेक वेळा एक-दोन तासांत काम होतं. गंज संपूनही बारीक बुडबुडे येत राहिले तर ॲसिड आता धातू खातंय. वर काळी काजळी येते ती पुसली जाते. बिडाचा पार्ट रात्रभर ठेवू नका, लोखंड विरघळून ग्रॅफाइटचा मऊ काळा थर मागे राहतो. बाहेर काढल्यावर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून त्यात पाच मिनिटं बुडवा, मग गरम पाण्याने धुवा. व्हिनेगरही चालतं, पण हळू, आणि धुतल्यावर गंज फार चटकन परत येतो. सायट्रिक मिळत असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

बाजारात मिळणारं उदासीन, म्हणजे ॲसिड नसलेलं, गंज बांधून घेणारं द्रव महाग पडतं, पण मापाच्या पार्टसाठी सर्वात निर्धोक. ते चांगल्या धातूला आणि बहुतेक रबराला धक्का लावत नाही. २० अंश सेल्सिअसच्या वर एक ते बारा तास लागतात. पार्ट पूर्ण बुडला पाहिजे. अर्धा बाहेर राहिला तर द्रवाच्या पातळीवर कायमची रेघ उमटते.

फॉस्फोरिक ॲसिडचं द्रव मागे राखाडी फॉस्फेटचा थर सोडतं. त्यावर प्रायमर चांगला धरतो, म्हणून ते फक्त रंगवायच्या जागी. टॅनिक ॲसिडचं कन्व्हर्टरही तसंच. त्याला काम करायला गंजच लागतो, चकचकीत धातूवर ते फुकट जातं. सुटा गंज ब्रशने काढा, घट्ट उरलेल्यावर दोन पातळ हात द्या आणि डब्यावर सांगितलेला वेळ, बहुधा एक दिवस, वाळू द्या. बैठकीच्या तोंडावर कन्व्हर्टर कधीही नको, कारण त्याचा थर जाडी वाढवतो.

शौचालय साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त आणि झपाट्याचं असतं, पण क्लोराइड धातूच्या छिद्रांत राहतं आणि गंज आतून पुन्हा सुरू होतो. त्याच्या वाफेने शेजारची हत्यारंही गंजतात. ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. विद्युत पद्धत हलक्या गंजाला जरुरीपेक्षा मोठी. तरी करायचीच तर धुण्याचा सोडा लिटरला ५ ग्रॅम, पार्ट ऋण टोकाला, धन टोकाला साध्या स्टीलची पट्टी, जागा हवेशीर, कारण हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम संयुगं उतरतात.

ज्यांना ॲसिड लागता कामा नये

बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा असेल, किंवा पार्ट स्प्रिंग, सर्क्लिप, टॉर्शन बार असेल, तर ॲसिड आणि विद्युत पद्धत दोन्ही बाद. गंज काढताना तयार होणारा हायड्रोजन कडक स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट आवळताना ठीक वाटतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही सूचना न देता, तुटतो. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. या पार्टना फक्त ब्रश. खरं तर महत्त्वाच्या जागचा गंजलेला बोल्ट बदलणंच स्वस्त. एकदाच ताणायचे बोल्ट तर गंज असो-नसो, पुन्हा वापरायचे नसतात. आटे साफ करायला कापणारी डाय नको, ती धातू सोलते. पितळी ब्रश किंवा आटे सरळ करणारा चेसर वापरा.

कॉइल स्प्रिंगवर पावडरसारखा गंज असेल तर मरून पॅड, क्लीनर, रंग. खड्डा दिसला तर स्प्रिंग बाद, कारण चिरा खड्ड्याच्या तळापासूनच सुरू होतात. झिंक प्लेटिंगवरची पांढरी भुकटी हा झिंकचा स्वतःचा गंज. नायलॉन ब्रशने झटका आणि सोडा, ॲसिडमध्ये टाकलात तर प्लेटिंगच विरघळेल. ॲल्युमिनियम जोडलेला, बुश किंवा बॉल जॉइंट असलेला पार्ट बुडवायचा नाही.

वाळवणं, तेल, रंग

धुतलेल्या उघड्या लोखंडाला काही मिनिटांचीच मुदत असते. आधी आट्यांच्या आणि बंद भोकांत हवा मारा, मग हेअर ड्रायरने, किंवा रबर नसेल तर ८० ते १०० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं. हा ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. पार्ट कोमट असतानाच तेलाचं कापड फिरवा, अर्थात घर्षणाची तोंडं सोडून.

रंगवायचं असेल तर तेल लावू नका. ८० नंबरने सुटा गंज, १८० नंबरने काठ सारखे, डिग्रीझरने पुसणं, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात. दुसऱ्या दिवशीवर टाकलेल्या धातूवर डोळ्याला न दिसणारा गंज आलेला असतो आणि रंग त्यासकट सोलून निघतो. बैठकीची तोंडं, आटे आणि बोल्टचं डोकं टेकतं ती जागा चिकटपट्टीने झाका. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि बोल्ट सैल पडतो. कॅलिपर आणि डिस्कच्या टोपीला उष्णतारोधक रंग. एक्झॉस्टसाठीचा सिलिकॉनवर आधारलेला रंग डब्यावर दिलेल्या टप्प्यांनी तापवल्याशिवाय पक्का होत नाही.

आज बसवायचा नसलेला पार्ट तेल लावून गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी घालून पिशवी बंद करा आणि फळीवर ठेवा. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात काँक्रीटच्या फरशीवर ठेवू नका, पुठ्ठा दमट हवेतला ओलावा धरून ठेवतो. क्लचची प्लेट, ब्रेक पॅड आणि डिस्कची घर्षणाची तोंडं यांना तेल नको, तिथे फक्त व्हीसीआय कागद आणि सिलिका जेल.